प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद

जानेवारी २०२५. सोलापूरची गड्डा यात्रा उरकली होती आणि ओपीडी यात्रेतल्या धुळीने खोकणाऱ्या माणसांनी भरली होती. त्या गर्दीत एक नवरा-बायको अगदी शेवटी आत आले. नवरा पंचेचाळीस वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे माग अडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो माणूस. काय होतंय विचारलं तर म्हणाला, "काही नाही डॉक्टर. हिला वाटतंय म्हणून आलो."

बायकोने पर्समधून घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "चार वर्षं झाली, ह्यांनी ताट वेगळं केलंय. तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. मला वाटायचं माझ्यावर राग आहे. परवा कपाट आवरताना हे सापडलं."

(ओळख पटू नये म्हणून वयं आणि नाती थोडी इकडची तिकडे केली आहेत.)

पिशवीत तीन कागद होते. पहिला रक्तपेढीचा. २०२१ च्या शिवजयंतीला मंडळाने शिबिर ठेवलं होतं, त्यात याने रक्त दिलं आणि पंधरा दिवसांनी फोन आला. दान केलेल्या प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलिस, मलेरिया. याची दुसरी, म्हणजे हिपॅटायटीस बीची, पॉझिटिव्ह निघाली. दुसरा कागद त्यानंतर एका दवाखान्यात केलेल्या रक्ताचा: एसजीपीटी ३४, एसजीओटी ४१ (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स), प्लेटलेट १ लाख ६२ हजार, 'ई अँटिजेन' (विषाणूचं एक प्रथिन) निगेटिव्ह. तिसऱ्यावर लिव्हरच्या टॉनिकचं नाव आणि खाली एकच शब्द: कॅरियर.

त्या शब्दाचा अर्थ त्याला असा सांगितला गेला, की तुम्हाला काही होणार नाही, पण तुमच्यापासून दुसऱ्याला होऊ शकतं. यातलं पहिलं वाक्य ऐकून तो पुन्हा डॉक्टरकडे गेला नाही. दुसरं ऐकून त्याने ताट वेगळं केलं. दोन्ही गोष्टी चुकल्या. हिपॅटायटीस बी ताटातून, तांब्यातून, शेजारी बसून जेवल्याने पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि बऱ्याचदा बाळंतपणात आईकडून बाळाला. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. मी विचारलं, दाढीचं काय? तर दाढीचं रेझर बाप-लेकाचं एकच! चार वर्षं वेगळ्या ताटात जेवणारा माणूस अठरा वर्षांच्या पोराला आपलंच रेझर देत होता. त्याला दोष कसा देणार? ताटाची भीती आपल्याकडे आपोआप येते, रेझरची कुणी तरी सांगावी लागते.

कावीळ त्याला आयुष्यात कधी झाली नव्हती. सोलापुरात पाणी कित्येक दिवसांआड येतं, साठवून प्यावं लागतं, त्यामुळे कावीळ म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पाणी येतं. ते खरंही आहे, पण ए आणि ई या प्रकारांपुरतं. बीचा पाण्याशी संबंध नाही. लोक याला 'पांढरी कावीळ' म्हणतात आणि नाव एका अर्थी चपखल आहे, कारण डोळे पांढरेच राहतात आणि आत यकृत झिजत जातं.

तपासताना फारसं काही सापडलं नाही. थोडा थकवा, तळहात जरा जास्त लाल, आणि पोट दाबल्यावर डाव्या बरगडीखाली प्लीहेचं टोक हाताला लागलं न लागलं इतकंच. तेवढंच मला पुरेसं होतं. वाढलेली प्लीहा 'काही होणार नाही' या वाक्यात बसत नाही.

नवीन तपासण्या अशा आल्या. सरफेस अँटिजेन, म्हणजे लागण असल्याची खूण, पॉझिटिव्ह. ई अँटिजेन निगेटिव्ह. रक्तातला विषाणू, म्हणजे एचबीव्ही डीएनए, दर मिलिलिटरला ८६,००० आंतरराष्ट्रीय एकक. एसजीपीटी ५८, एसजीओटी ६४, प्लेटलेट १ लाख १८ हजार. अल्ब्युमिन ३.६, बिलिरुबिन १.१, क्रिएटिनिन ०.९, म्हणजे यकृत आणि मूत्रपिंडाचं काम अजून ठीक. हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही दोन्ही निगेटिव्ह. सोनोग्राफीत यकृत खडबडीत, प्लीहा १३.५ सेंटिमीटर. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, १३.८ किलोपास्कल, १२.५ च्या पुढे गेलं की सिरॉसिस, म्हणजे जखमांनी कडक झालेलं यकृत, धरतात. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या तळाशी शिरा नुकत्या फुगायला लागलेल्या. निदान: ई-निगेटिव्ह जुनाट हिपॅटायटीस बी आणि त्यातून झालेला, पण अजून सावरून असलेला सिरॉसिस.

आता त्या जुन्या कागदाकडे परत जाऊ, कारण या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत टोचणारा भाग तिथेच आहे. एक साधं गणित आहे. एसजीओटीला त्याच्या वरच्या मर्यादेने, म्हणजे ४० ने भागायचं. येईल त्याला हजारांतल्या प्लेटलेटने भागायचं. आणि १०० ने गुणायचं. याला एपीआरआय म्हणतात, लागतो तो फक्त पेन. आजच्या आकड्यांवरून ते १.३६ येतं. २०२१ च्या आकड्यांवरून ०.६३. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि ०.५ च्या वर गेलेल्या माणसाला औषध सुरू करा असं सांगितलं. म्हणजे आजच्या निकषाने तो चार वर्षांपूर्वीच उपचाराच्या रांगेत होता आणि तसं सांगणारा कागद त्याच्याच कपाटात पडून होता.

पण हे मी मागे वळून बोलतो आहे. त्याच संघटनेचा २०१५ चा निकष सिरॉसिससाठी २ हा होता, ०.६३ कुणाच्या डोळ्यांत खुपला नसता. म्हणून त्या डॉक्टरांना मी अर्धाच दोष देतो. त्या काळी औषध न देणं चालून गेलं असतं. 'दर सहा महिन्यांनी या' हे न सांगणं कोणत्याच काळात चालण्यासारखं नाही. एसजीपीटीच्या बाबतीतही तेच. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर ३४ 'नॉर्मल' होतं. हिपॅटायटीस बीमध्ये पुरुषाची मर्यादा आता ३० आणि बाईची १९ धरतात.

आणि 'ई निगेटिव्ह' म्हणजे चांगली बातमी, ही समजूत तर डॉक्टरांतही खोल रुजलेली आहे. पूर्वी शिकवलं जायचं ते असं: ई अँटिजेन असलं तर विषाणू जोमात, गेलं तर विषाणू झोपला. बऱ्याच जणांत खरंच झोपतो. पण काहींत विषाणूच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो, ई अँटिजेन बनणं थांबतं आणि विषाणू मात्र बनत राहतो. पाटी काढून टाकलेलं दुकान, मागच्या दाराने धंदा चालू. ते कळायला डीएनए मोजावाच लागतो, आणि एकदा मोजूनही भागत नाही, कारण अशा पेशंटचे आकडे महिन्यागणिक वर-खाली होतात.

सगळं ऐकून त्याने विचारलं, "मग हा मारायचा कसा?" मी म्हटलं, मारता येत नाही, माग बंद ठेवता येतो.

हे त्याला लगेच कळलं आणि मला समजावण्याची इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नाही म्हणून मी सविस्तर बोललो. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर निघते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात आणि त्या भोकांवरून ठरतं, कुठला धागा वर उचलायचा. पट्ट्यांची माळ मागावर आहे तोवर तोच मोर, तीच वेल विणून निघणार. हा विषाणू ४२ नॅनोमीटरचा, त्याचा डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचा. यकृताच्या पेशीला पित्तक्षार आत घेण्यासाठी एक दार असतं, एनटीसीपी नावाचं. विषाणू त्याच दाराने शिरतो, हे २०१२ मध्ये उमगलं. आत गेल्यावर पेशीच्या केंद्रकात तो आपल्या डीएनएचं बंद कडं करून बसतो. ती त्याची पट्ट्यांची माळ. तिच्यावरून आधी आरएनए बनतो, आरएनएवरून उलट दिशेने डीएनए, आणि नवा विषाणू तयार. टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर या गोळ्या ही उलट नक्कल थांबवतात. सूत तुटतं, माळ मागावरच राहते.

"म्हणजे गोळी सोडली की माग चालू," तो म्हणाला. बरोबर. आणि सिरॉसिस झालेल्या माणसात तो असा एकदम चालू झाला तर यकृत कोलमडू शकतं. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही.

आणखी एक गोष्ट पेशंटना चक्रावून टाकते. विषाणू स्वतः पेशी मारत नाही. मारतो तो आपलाच प्रतिकार, विषाणू लपलेल्या पेशीवर तुटून पडून. जखम, भरणं, पुन्हा जखम, अशी वर्षानुवर्षं गेली की यकृतात जखमेचे घट्ट दोरे साचतात, तोच सिरॉसिस. त्यात विषाणूच्या डीएनएचे तुकडे पेशीच्या जनुकांत घुसून बसतात. म्हणूनच हिपॅटायटीस बीमध्ये यकृताचा कॅन्सर कधी कधी सिरॉसिस होण्याआधीच उद्भवतो.

सुरुवात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅमने केली, रोज एक, रात्रीच्या जेवणानंतर. फुगलेल्या शिरांसाठी कार्व्हेडिलॉल, कमी मात्रेत. दारू पूर्ण बंद. अंगदुखीला ब्रुफेनसारख्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत. कावीळ उतरवणाऱ्यांची भस्मं, काढे काहीही नाही. शेंगाचटणीचं काय, असं त्याच्या बायकोने विचारलं, आणि प्रश्न फार मोलाचा होता. चटणी खा, पण दाणे निवडून घ्या. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते आणि हिपॅटायटीस बी एकत्र आले की यकृताच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी वाढतो. खवट, काळपट, सुरकुतलेला दाणा कुटायला घालायचा नाही, स्वस्तातल्या फुटक्या दाण्यांचं पोतं तर नाहीच.

चौथ्या दिवशी तो परत आला, चेहरा उतरलेला. मेडिकलवाल्याने डबी हातात देताना म्हटलं होतं, "ही एचआयव्हीवर देतात ना?" देतात, कारण एचआयव्हीही तशीच उलट नक्कल करतो. गोळी तीच, आजार वेगळा. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ती माझी चूक. तीन दिवसांच्या गोळ्या त्याने घेतल्याच नव्हत्या.

मग मी त्याला घरच्यांबद्दल विचारलं.

आधी तो गप्प बसला. घरात तेलुगू बोलतात, बायकोकडे बघून त्याने तेलुगूत काही तरी विचारलं, मग मराठीत म्हणाला, "अण्णा गेले दिवाळीनंतर." थोरला भाऊ, वय ४९. पोट फुगलं, पाय सुजले, पाणी काढलं, पुन्हा भरलं. एका रात्री रक्ताची उलटी झाली आणि सकाळी संपलं. त्याची फाइल मागवून घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कारण एकच: दारू. तो शनिवारी पगार झाला की प्यायचा, हे घरचे लपवत नाहीत. पण सरफेस अँटिजेनची तपासणी फाइलमध्ये कुठेच नाही. दारू सापडली, शोध थांबला. दारू आणि बी एकत्र असले की यकृत जास्त वेगाने जातं, हे माहीत असणाऱ्यांनीही ती तपासणी लिहिली नव्हती. एवढं बोलून थांबतो. मीही कधी तरी 'अल्कोहोलिक लिव्हर' असं लिहून पुढच्या पेशंटकडे वळलेलो आहे.

दोन भाऊ, दोघांनाही सिरॉसिस, तोही पन्नाशीच्या आत. बोट आईकडे जातं. आई ६६ वर्षांची, आयुष्यभर तेंदूपत्त्यात तंबाखू भरून बिड्या वळल्या, आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून बंद. तिची तपासणी पॉझिटिव्ह आली. डीएनए अगदी थोडा, यकृत मऊ, प्लेटलेट उत्तम. तिला औषध लागलं नाही, फक्त वर्षातून दोनदा तपासणी. ज्या विषाणूने तिच्या एका मुलाचं, आणि बहुधा दुसऱ्याचंही, यकृत खाल्लं तो तिच्यात शांत बसला होता.

असं का होतं, याचं मोठं उत्तर वयात आहे. जन्माच्या वेळी लागण झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत विषाणू कायमचा राहतो. मोठ्या माणसात तेच प्रमाण पाचाच्या खाली. बाळाचा प्रतिकार त्याला परका समजतच नाही. आईचं ई अँटिजेन वारेतून आधीच पोहोचून त्याची ओळख करून देत असावं, असं मानतात. मग वीस-तीस वर्षांनी प्रतिकाराला जाग येते आणि मारामारी सुरू होते. मोठ्या माणसात ती सुरुवातीलाच होते आणि बहुतेक वेळा विषाणू हरतो. या जॉबरच्या बायकोचंच बघा. तिचं सरफेस अँटिजेन निगेटिव्ह, पण कोअर अँटिबॉडी आणि सरफेस अँटिबॉडी दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे लग्नानंतर कधी तरी तिला लागण झाली, शरीराने हाकलून दिली आणि तिला थांगपत्ताही लागला नाही. "तेव्हा मळमळ झाली होती, आम्ही समजलो दिवस गेले," ती हसत म्हणाली.

मुलगी विसाची, लागण नव्हती, लसही नव्हती. तिला शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांवर लावलं. अठरा वर्षांच्या मुलाला लहानपणी खाजगी दवाखान्यात लस मिळाली होती, कार्डही जपून ठेवलेलं. रेझर एकच असूनही तो वाचला तो त्या कार्डामुळे. देशभरातल्या सरकारी लसीकरणात ही लस २०११ पासून आली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांचं नशीब घरच्यांच्या ऐपतीवर होतं. आपल्याकडे १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस देशात बनवायला सुरुवात केली आणि किंमत आवाक्यात आली, नाही तर तेवढंही झालं नसतं.

उरली धाकटी बहीण. वय ३४, सासर अक्कलकोटला, सहावा महिना भरत आलेला. तिला फोनवर सांगायचं कसं यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी भावाने फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "मला माहीत आहे. माझं पण आहे."

पहिल्या बाळंतपणात, २०१९ मध्ये, तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाळाला जन्मानंतर काही तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं, 'महाग इंजेक्शन' दिलं, काम चोख केलं. पण घरातल्या बाकीच्यांना तपासा, हे कुणी म्हटलं नाही आणि तिने सासरी-माहेरी कुठे सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं होतं, तेवढंच. म्हणजे २०१९ पासून बहिणीच्या ट्रंकेत एक कागद आणि २०२१ पासून भावाच्या कपाटात दुसरा. या दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर थोरल्या भावाच्या रक्ताची एक तपासणी तरी झाली असती. हे मी त्यांच्यासमोर बोललो नाही. बोलून उपयोग नव्हता, आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

तिचं ई अँटिजेन पॉझिटिव्ह, डीएनए ४ कोटींच्या वर. विषाणू २ लाखांच्या वर असेल तर नुसती लस आणि इंजेक्शन काही बाळांत अपुरं पडतं. म्हणून २८ व्या आठवड्यापासून तिलाही टेनोफोव्हिर. भाऊ-बहीण एकच गोळी घ्यायला लागले, तो जन्मभरासाठी, तिचं बाळंतपणानंतर पुन्हा ठरवायचं. तिला ती राष्ट्रीय हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळाली. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या या कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट आहे, पण रांगेत उभं राहायचं तर घरी कारण सांगावं लागतं. अडथळा पैशाचा कमी आणि त्या कारणाचा जास्त. शेवटी नवरा सोबत गेला आणि रांगेत तोच उभा राहिला. त्याची तपासणी निगेटिव्ह, त्यालाही लस.

मे महिन्याच्या शेवटी मुलगी झाली. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या बारा तासांत. दूध पाजू का, हा प्रश्न तिने सहा वेळा विचारला; सहाही वेळा उत्तर एकच, पाजायचं. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना झाले. पहिल्या मुलाची तपासणी या निमित्ताने केली: लागण नाही, अँटिबॉडी भरपूर. बाळाची तपासणी नऊ महिन्यांनंतर, आधी केली तर आईच्या आणि इंजेक्शनच्या अँटिबॉडीच दिसतात. हे लिहिताना ती सात महिन्यांची आहे.

जॉबरचा जुलैचा डीएनए सापडण्याच्या पातळीखाली गेला. एसजीपीटी २७, प्लेटलेट १ लाख २६ हजार. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरची चाहूल देणारी रक्ततपासणी), कारण विषाणू दबला तरी कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. पहिली सोनोग्राफी स्वच्छ. घरात ताटं पुन्हा एकत्र लागतात आणि रेझर दोन झालीत. शिवजयंतीला परत रक्त देऊ का, असं त्याने विचारलं होतं. नाही म्हटल्यावर तो जितका हिरमुसला, तितका सिरॉसिसचं नाव ऐकूनही झाला नव्हता.

फाइलच्या मागच्या पानावर मी या घराचं झाड काढून ठेवलंय. आई, तीन मुलं, जावई, सुना, नातवंडं. प्रत्येक नावापुढे अधिक किंवा उणे. थोरल्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि ते तसंच राहणार. त्याची बायको निगेटिव्ह. त्याचा मुलगा २४ वर्षांचा, भोसरीत कंपनीत आहे. काकाने चार फोन केले. सुट्टी मिळाली की येतो, म्हणाला.